हलत्या यंत्राची केबल: काटकसर करावी अशी ही जागा नव्हे

धंदेवाईक माणसाची एक सवय सर्वत्र सारखीच असते. ज्या वस्तूला त्याने मोठी रक्कम मोजली, तिची तो काळजी घेतो. जी वस्तू सहज हाती आली, तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नवे मशीन दुकानात आले की त्याला तेलपाणी होते, रात्री त्यावर कापड पांघरले जाते. त्याच मशीनला वीज पोहोचवणारी केबल मात्र जुन्या वायरचे दोन-तीन तुकडे जोडून, वर काळी टेप गुंडाळून तयार होते आणि कारागिरांच्या पायाखाली पडून राहते. मशीन हलते तशी ती ओढली जाते, तुडवली जाते, तेलात आणि पाण्यात भिजते. ती बंद पडली की चिमट्याने पिळून पुन्हा चालू केली जाते. आमच्या मते छोट्या धंद्यातला हा सर्वात महागडा निष्काळजीपणा आहे. त्यावर आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंशी चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात, म्हणून हा लेख.

कापडाच्या व्यापाऱ्याने केबलवर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमचा माल ज्यांच्याकडे जातो ते शिलाई कारखानदार विजेवर चालतात. आमचे ग्राहक असलेले वेल्डर, सुतार, मोटार रिवायंडिंग करणारे मिस्त्री, धानगिरणीवाले, आरागिरणीवाले हे सारे विजेवरच पोट भरतात. त्यांचे मशीन सणाच्या तोंडावर बंद पडले तर त्यांची ऑर्डर जाते, आणि त्यांना दिलेली आमची उधारी अडकते. दुकानाला आग लागली तर ती उधारी बुडते. आणि कारागीर विजेला चिकटला तर काय बुडते, याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही. तेव्हा हा विषय फक्त वायरमनचा नाही. मालकाचा आहे, व्यापाऱ्याचाही आहे.

हलती केबल वेगळी का?

भिंतीत बसवलेली वायर आणि मशीनबरोबर फिरणारी केबल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भिंतीतली वायर एकदा बसली की वर्षानुवर्षे तशीच राहते. तिला वाकणे नाही, ओढ नाही. हलत्या मशीनची केबल दिवसातून शेकडो वेळा वाकते. तांब्याची तार कितीही नरम असली तरी एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हा धातूचाच स्वभाव आहे. एक जाड तार लवकर तुटते, तर तेवढ्याच तांब्याच्या केसासारख्या बारीक अनेक तारा कितीतरी जास्त काळ टिकतात. म्हणूनच केबलच्या तारांबाबतच्या आय.एस. ८१३० या भारतीय मानकात तारांचे वर्ग पाडलेले आहेत. वर्ग १ म्हणजे एकच सलग तार, वर्ग २ म्हणजे थोड्या जाड तारांचा पीळ, आणि वर्ग ५ म्हणजे बारीक तारांची लवचिक केबल. पहिले दोन वर्ग पक्क्या जागेच्या वायरिंगसाठी आहेत. हलत्या कामासाठी किमान वर्ग ५ हवा.

आपल्याकडे नेमके उलटे होते. घराच्या वायरिंगमधून उरलेली कडक वायर, किंवा खांबावरून मीटरपर्यंत येणारी ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर मळणी यंत्राला जोडली जाते. ॲल्युमिनियम वाकवण्याला तांब्यापेक्षाही कमी सोसते. आठ दिवसांत आतली एक तार तुटते, बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. तीन फेजच्या मोटारीची एक फेज अशी आतल्या आत तुटली की मोटार दोन फेजवर गुरगुरत राहते, तापते आणि वायंडिंग जळते. मालक मोटारीला शिव्या घालतो, रिवायंडिंगचे पैसे भरतो आणि तीच केबल पुन्हा जोडतो. महिन्याभराने तीच मोटार पुन्हा जळते. रिवायंडिंगवाल्या बंधूंना आमचे सांगणे आहे, की जळालेली मोटार घेऊन येणाऱ्या ग्राहकाला आधी केबल तपासायला सांगा. एक काम हातचे गेले तरी ग्राहक कायमचा तुमचा होईल.

शेजारच्या खाणीत पाहा

सिंदेवाहीत बसून आपल्याला वाटते की हे मोठ्या कारखान्यांचे प्रश्न आहेत. पण आपलाच चंद्रपूर जिल्हा या विद्येची मोठी शाळा आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या कोळसा खाणींत विजेवर चालणारे प्रचंड शॉव्हेल काम करतात. अशा यंत्रांना तीन हजार तीनशे किंवा सहा हजार सहाशे व्होल्टची वीज लागते, आणि ती जमिनीवरून यंत्रामागे सरपटणाऱ्या केबलमधून दिली जाते. तिला ट्रेलिंग केबल म्हणतात. दगड, चिखल, पाऊस आणि अवजड डंपर यांच्यामध्ये ती केबल राहते. तरी ती टिकते, कारण तिला यंत्राचाच अवयव मानले जाते.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. वीज नेणाऱ्या बारीक तारांच्या कोरवर रबराचे इन्सुलेशन, त्यावर धातूची जाळी, आणि सर्वांवर चिवट, तेल व ज्वाला सोसणारे जाड आवरण असते. आतच अर्थिंगची कोर असते. याशिवाय पायलट कोर नावाची एक बारीक तार असते, तिच्यातून अगदी कमी दाबाचा प्रवाह सतत फिरत असतो. केबल ओढली जाऊन प्लग सुटू लागला किंवा अर्थिंग तुटले, तर हा छोटा प्रवाह थांबतो आणि मुख्य स्विच आपोआप पडतो. वीज आधी जाते, धोका नंतर उघडा पडतो. खाणीतल्या लवचिक केबलसाठी आय.एस. १४४९४ हे १९९८ चे स्वतंत्र मानक आहे, आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची या सर्व कामावर नजर असते. खाणीत अशी केबल फाटली तर तिच्यावर टेप गुंडाळत नाहीत. ती दुरुस्तीच्या शॉपमध्ये नेऊन, रबर तापवून, म्हणजे व्हल्कनाइझ करून सांधतात, तपासतात आणि मगच पुन्हा कामावर पाठवतात.

चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाच्या ढिगाशेजारी रुळांवरून पुढेमागे सरकणारी यंत्रे असतात. त्या यंत्रांची केबल मोठ्या ड्रमवर आपोआप गुंडाळली जाते आणि सुटते. कारखान्यातल्या क्रेनवर ती छोट्या ट्रॉल्यांना लोंबकळत सरकते, तर नव्या मशीनवर प्लास्टिकच्या साखळीत, म्हणजे ड्रॅग चेनमध्ये, शिस्तीत वाकते. या सर्व युक्त्यांचे सार एकच आहे: केबल जमिनीवर पडू द्यायची नाही, तिला पीळ पडू द्यायचा नाही, ठरलेल्या गोलाईपेक्षा जास्त वाकू द्यायची नाही, आणि ओढ तारेवर न येता पकडीवर येऊ द्यायची. हे सार आपल्या दहा बाय पंधराच्या दुकानातही तितकेच लागू आहे. त्याला लाखो रुपये लागत नाहीत.

केबल निवडताना

दुकानात जाऊन 'चांगली वायर द्या' म्हणून भागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे कोरची संख्या. सिंगल फेजच्या मशीनला तीन कोरची केबल हवी: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. तीन फेजच्या मोटारीला चार कोरची हवी: तीन फेज आणि चौथे अर्थिंग. दोन कोरची वायर आणून 'अर्थिंगची काय गरज' म्हणणाऱ्या मिस्त्रीला कामावर ठेवू नये. मशीनचा लोखंडी सांगाडा अर्थ झालेला नसेल तर आतल्या एका उघड्या तारेने तो सांगाडाच विजेचा होतो, आणि कारागीर त्यालाच हात लावून उभा असतो.

दुसरी गोष्ट जाडी. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम असतो, अडीचच्या तारेचा सुमारे ८ आणि चारच्या तारेचा सुमारे ५. म्हणजे दीडऐवजी चारची केबल घेतली तर रोध निम्म्याहूनही कमी होतो. लांब केबल बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच गळते, केबल तापते आणि मोटार सुरू होताना धापा टाकते. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी साधारण सहापट ओढते. आपल्या भागात आधीच संध्याकाळी व्होल्टेज पडते. त्यात बारीक केबलची भर कशाला?

तिसरी गोष्ट आवरण. साध्या पी.व्ही.सी.चे आवरण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असते, थंडीत ते कडक होते आणि उन्हातान्हात तडकते. तेल, घासणे, ऊनपाणी आणि सततचे वाकणे असेल तिथे रबराची केबल घ्यावी. तिचे मानक आय.एस. ९९६८ आहे. केबलवर मानकाचा क्रमांक आणि आय.एस.आय.ची खूण छापलेली आहे की नाही हे स्वतः पाहावे. वजनावर मिळणारी, नाव नसलेली केबल स्वस्त असते, कारण तिच्यात तांबे कमी आणि आवरण पातळ असते. कापडात आम्ही ताग्याच्या काठावरचा शिक्का पाहतो, सूत मोजतो. मग जिच्यावर जीव टांगलेला आहे ती वस्तू डोळे मिटून का घ्यावी?

सांभाळण्याची रीत

शिलाई कारखान्यातले कापड कापायचे मशीन हे हलत्या यंत्राचे आपल्या ओळखीचे उदाहरण. उभे पाते असलेले ते मशीन टेबलावर थरांमधून पुढे ढकलले जाते आणि त्याची केबल मागे टेबलावर लोळते. वळणावर तीच केबल पात्यापुढे येते. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात पात्याने केबल कापली, ठिणगी पडली आणि वरच्या चिंध्यांनी पेट घेतला. शेजारी पाण्याची बादली होती. पण एका शहाण्या कारागिराने आधी मेन स्विच पाडला आणि मगच आग विझवली, म्हणून माणसे वाचली. त्या मुलाने ती दोन पावले उलट क्रमाने टाकली असती तर? या दुखण्यावरचा उपाय फार साधा आहे. टेबलाच्या वर एक ताणलेली तार किंवा लोखंडी पट्टी बांधावी, तिच्यावर कड्या सरकवाव्यात आणि केबल त्या कड्यांना टांगावी. मशीन जाईल तिकडे कड्या सरकतात, केबल वरच राहते. क्रेनवरची युक्तीच ही, फक्त लहान.

धानगिरणीत चाळणी सतत थरथरते. तिच्या मोटारीला केबल अगदी ताणून जोडू नये. थोडी ढिली गोलाई ठेवावी, म्हणजे थरथर गोलाईत जिरते. गिरणीत उंदीर असतातच आणि त्यांना आवरण कुरतडायला आवडते, म्हणून जमिनीलगतची केबल पाइपातून न्यावी. केबल आणि जोडावर साचलेला कोंडा झाडावा. कोंडा उष्णता आत कोंडतो आणि ठिणगीला खाद्य पुरवतो. आरागिरणीतल्या भुशाचेही तसेच.

वेल्डर बंधूंची केबल तर रोज गावोगाव फिरते. होल्डरकडच्या जाड केबलकडे त्यांचे लक्ष असते, पण खरा धोका वेल्डिंग सेटला वीज आणणाऱ्या केबलमध्ये असतो, कारण तिच्यात पूर्ण दाब असतो. ती गरम लोखंडावरून, ग्राइंडरच्या ठिणग्यांखालून जाऊ देऊ नये. रस्ता ओलांडायचा असेल तर दोन फळ्यांच्या मधल्या खाचेतून न्यावी. बोडीवर किंवा नाल्यावर पाण्याच्या पातळीप्रमाणे हलवला जाणारा पंप, बांधावर नेलेले मळणी यंत्र, ही सारी हलती यंत्रेच आहेत. तिथे केबल काठ्यांवर उंच धरावी, ट्रॅक्टरच्या वाटेवर टाकू नये आणि जोड पाण्याजवळ कधीही ठेवू नये.

वाकवण्याचाही नियम आहे. सतत हलणारी केबल तिच्या जाडीच्या साधारण दहापट त्रिज्येपेक्षा लहान गोलाईत वाकवू नये. दोन सेंटिमीटर जाड केबलला वीस सेंटिमीटरची त्रिज्या द्यावी. गुंडाळताना कोपरावर पीळ देत न गुंडाळता सरळ वेटोळे करावे. ड्रॅग चेन वापरत असाल तर केबली आत मोकळ्या, एकमेकींवर न चढलेल्या असाव्यात. दोन्ही टोकांना पकड द्यावी, साखळीच्या आत मात्र बांधू नये. आणि एक्स्टेन्शनच्या रिळावरून जड मशीन चालवायचे असेल तर आधी संपूर्ण केबल रिळावरून उलगडावी. गुंडाळलेली केबल स्वतःच्याच उष्णतेने आतून वितळते.

जोडण्याची रीत

निम्म्या तक्रारी केबलच्या नसून तिच्या टोकांच्या असतात. चाकूने आवरण सोलताना चार-पाच बारीक तारा कापल्या जातात, उरलेल्या पिळून स्क्रूखाली दाबल्या जातात, एखादी तार बाहेर डोकावते आणि शेजारच्या फेजला भिडते. याऐवजी तारेच्या मापाचे थिंबल घ्यावे आणि ते क्रिम्पिंगच्या हत्यारानेच दाबावे. हातोडीने ठोकलेले थिंबल वरून घट्ट दिसते, आतून पोकळ राहते आणि तिथेच उष्णता होते. टोकाला झाळ देऊन स्क्रूखाली दाबण्याची जुनी पद्धतही हलत्या मशीनला चालत नाही. झाळ दाबाखाली हळूहळू बसते आणि स्क्रू ढिला होतो. शिवाय जिथे झाळ संपते तिथे तार कडक होऊन तुटते.

केबल पेटीत शिरते त्या भोकाला ग्लँड हवाच. ग्लँड केबलचे बाहेरचे आवरण घट्ट धरतो, म्हणजे ओढ आली तरी ती आतल्या तारांवर येत नाही. उघड्या पत्र्याच्या धारेवरून गेलेली केबल थरथरीने एक दिवस कापली जाणारच. पेटीच्या आत अर्थिंगची तार इतर तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी. कधी केबल उपटली गेलीच तर फेजच्या तारा आधी सुटाव्यात, अर्थिंग सर्वांत शेवटी. खाणीतल्या पायलट कोरमागचा विचारही हाच आहे: धोका आधी, रक्षक शेवटी.

प्लग-सॉकेटमध्ये एक गोष्ट कधीही उलटी करू नये. वीज येते त्या बाजूला सॉकेट, म्हणजे भोके; मशीनच्या बाजूला पिना. उलटे जोडले तर प्लग निघताच उघड्या पिना जिवंत राहतात. आणि हलणाऱ्या भागात मध्येच जोड देऊ नये. जोड टाळता येत नसेल तर तो न हलणाऱ्या जागी, पेटीत, दोन्ही बाजूंनी पकड देऊन करावा. टेप हे इन्सुलेशनला मदत करते, ओढ सोसत नाही.

तपासण्याची रीत

तपासणी म्हटले की लोकांना इंजिनिअर आठवतो. खरे तर पहिली तपासणी डोळ्यांची आणि हाताची आहे. रोज सकाळी स्विच बंद, प्लग बाहेर, आणि केबलवरून कोरडा हात फिरवावा. कुठे फुगा, चपटेपणा, तडा किंवा पीळ लागला तर तिथे आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

दुसरी तपासणी सलगतेची. दोन्ही टोके सोडवून मल्टिमीटर बीपवर लावावा आणि दुसरा माणूस केबल वीतभर-वीतभर वाकवत जावा. बीप तुटला की तिथे तार तुटलेली आहे. मात्र यात एक फसवणूक आहे: पन्नासपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो, कारण त्याचा प्रवाह नगण्य असतो. म्हणून तिसरी तपासणी उष्णतेची. मशीन अर्धा तास पूर्ण भाराने चालवावे, मग वीज बंद करून, प्लग काढून जोड, प्लग आणि केबलवर हात लावावा. एखादीच जागा इतरांपेक्षा जास्त तापली असेल तर दोष तिथेच आहे.

चौथी तपासणी मेगरची. साध्या मीटरने इन्सुलेशन कळत नाही. त्याला दाब द्यावा लागतो. मशीनपासून केबल पूर्ण सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने एक मिनिट, प्रत्येक कोर ते अर्थ आणि कोर ते कोर मोजावे. भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये कमी व मध्यम दाबासाठी किमान एक मेगाओहम सांगितलेला होता आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही तोच आकडा होता. पण एक मेगाओहम ही शेवटची पायरी आहे. धडधाकट केबल त्याच्या कितीतरी पट दाखवते. म्हणून एका वाचनापेक्षा वाचनांचा क्रम महत्त्वाचा. उन्हाळ्यात शंभर, पावसाळ्यात चाळीस आणि पुढच्या वर्षी पाच असे उतरत गेले तर केबल आपल्याला आधीच निरोप देत असते. तो वाचण्यासाठी वही हवी. मशीनला इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह किंवा कार्ड असेल तर मेगर लावण्यापूर्वी ते अवश्य सोडवावे, नाहीतर केबल वाचेल आणि कार्ड जाईल.

आणि या सर्वांच्या पाठीशी एक पहारेकरी ठेवावा: आर.सी.सी.बी. फ्यूज आणि एम.सी.बी. हे केबलचे रक्षण करतात, माणसाचे नाही. सोळा अँपिअरची एम.सी.बी. सोळापर्यंत स्वस्थ बसते, आणि माणूस मात्र एका अँपिअरच्या दहाव्या भागानेही मरू शकतो. ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. गळती ओळखून क्षणात वीज तोडते. तिचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तीही सर्वशक्तिमान नाही. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर तिला गळती दिसत नाही.

'आम्हाला परवडत नाही'

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. आम्ही हे बोलतो तेव्हा बंधू म्हणतात, 'सेठ, हे मोठ्यांचे चोचले आहेत. आमचे रोजचे पोटपाणी त्यातून निघत नाही.' ही तक्रार खोटी नाही. रबराची केबल महाग आहे, क्रिम्पिंगचे हत्यार आणि मेगर एकट्या टेलरला किंवा वेल्डरला घेणे जड आहे. पण हिशेब पूर्ण मांडावा. एका बाजूला चांगल्या केबलची जास्तीची किंमत लिहा. दुसऱ्या बाजूला एका मोटारीचे रिवायंडिंग, तीन दिवस बंद मशीन, बसून राहिलेल्या कारागिरांची मजुरी आणि हातची गेलेली ऑर्डर लिहा. एकदाच मोटार जळाली तरी दुसरी बाजू जड होते. आणि कारागिराला काही झाले तर? कामावर असताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत दरवर्षी दहा हजारांवर दिसते. त्यांतले प्रत्येक नाव कोणाच्या तरी घरचा कमावता हात असू शकते.

दुसरा आक्षेप असा, की 'इतकी वर्षे असेच चालले, काही झाले नाही.' काही झाले नाही हा पुरावा नव्हे, ती सवलत आहे, आणि सवलत संपण्याची तारीख कोणी कळवत नाही. खाणीवर सरकारी निरीक्षक जातो. आपल्या छोट्या दुकानात कोणी फिरकत नाही. म्हणून आपला निरीक्षक आपणच. जो पोरगा आपल्याकडे हुनर शिकायला येतो, त्याला त्याच्या बापाने आपल्या भरवशावर सोडलेले असते. तो अमानत आहे. पहिल्या दिवशी त्याच्या हाती तुटकी केबल देणारा उस्ताद त्याला कोणता हुनर शिकवतो?

एकट्याचे ओझे, दहांची सोय

आमची सूचना अशी आहे. सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावी दहा-बारा दुकानदारांनी मिळून एक पेटी करावी. तिच्यात एक मेगर, एक चांगला मल्टिमीटर, दोन मापांची क्रिम्पिंगची हत्यारे, थिंबल आणि ग्लँड असावेत. पेटी एका भरवशाच्या मिस्त्रीकडे राहावी आणि त्याला प्रत्येक तपासणीची ठरलेली मजुरी मिळावी, म्हणजे काम फुकटचे म्हणून टाळले जाणार नाही. चांगली केबल एकत्र मागवली तर नागपूरच्या ठोक बाजारातून भावही बरा पडतो. कापडात आम्ही भिवंडी आणि मालेगावचा माल एकत्र मागवून भाडे वाचवतो. केबललाही तोच नियम लागू आहे. आय.टी.आय.तून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड करून निघालेली मुले कामाच्या शोधात असतात. त्यांना वर्षातून दोनदा बोलावून तपासणी करून घेतली तर त्यांनाही रोजी आणि आपल्यालाही निश्चिंती.

आणखी एक गोष्ट. केबलवर, प्लगवर, मशीनच्या पुस्तिकेत सगळ्या सूचना इंग्रजीत असतात. आमच्यासारख्या उर्दू माध्यमातून शिकलेल्यांना किंवा चौथीत शाळा सोडलेल्या कारागिराला त्यांचा उपयोग काय? दुकानदारांनी एका पानावर मराठीत आणि उर्दूत चार ओळी लिहून मेन स्विचशेजारी लावाव्यात: धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन पाडा, केबल ओढून प्लग काढू नका, ओल्या हाताने स्विचला हात नको, तुटकी केबल दिसली की काम थांबवा, मजुरी कापली जाणार नाही. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. मजुरी कापली जाईल या भीतीनेच कारागीर तुटकी केबल लपवतो.

धान कापणीनंतर गिरण्या आणि मळणी यंत्रे रात्रंदिवस चालतील, लग्नसराईत शिलाईचे दिवे पहाटेपर्यंत जळतील. त्या गर्दीत कोणालाच केबलकडे पाहायला सवड नसते. म्हणून हंगामाच्या आधीच एक शुक्रवार किंवा बाजाराच्या सुटीचा दिवस ठरवावा. सर्व मशीनच्या केबली काढाव्यात, वाकवून पाहाव्यात, टोके नवी करावीत, मेगरचे आकडे वहीत लिहावेत आणि ज्या केबलवर शंका आहे ती बाद करावी. बाद केलेली केबल कोपऱ्यात ठेवू नये, तिचे तुकडे करून तांबे विकून टाकावे; कोपऱ्यात ठेवलेली केबल घाईच्या दिवशी हमखास परत मशीनला लागते.